गायरानावरचे खांब

३० डिसेंबर २०२४, येळवस

आज साइट बंद. मांजरेच्या काठच्या गावांत येळवशीला, म्हणजे वेळ अमावस्येला, कुणी कामावर येत नाही, आणि यावं असं म्हणूही नये. ठेकेदाराचे इंजिनिअर नाशिककडचे. त्यांना ही अमावस्या नवीन, म्हणून त्यांनाही सोबत घेऊन शेजारच्या शिवारात जेवायला गेलो. कडब्याची कोप, आत चुन्यानं रंगवलेले पाच पांडव, भज्जी, बाजरीचे उंडे, आंबील. जेवून बांधावर बसलो तर समोर आमचं गायरान. त्यावर अजून चुन्याच्या चार खुणा आणि पत्र्याचा एक कंटेनर, एवढंच.

शेताचे मालक आबा म्हणाले, "वायरीचं आमाला काय कळत न्हाई. पण तुमच्या काचा वावटळीत उडून आमच्या ज्वारीत यायच्या न्हाईत ना?"

गेल्या उन्हाळ्यात आबांच्या गोठ्याचे पत्रे ओढ्याच्या पलीकडं सापडले होते, त्यामुळं ते गमतीनं विचारत नव्हते. सौर प्रकल्प म्हटलं की लोक युनिट, मीटर, इन्व्हर्टर विचारतात. आबांनी खड्डा, खांब आणि बोल्ट विचारला. माझं काम तेवढंच आहे. वीज जोडणारी माणसं वेगळी, ती शेवटी येतील. पण प्रकल्प पंचवीस वर्षं टिकायचा तर तो आमच्या हातच्या कामावर टिकणार, हे माझं पक्कं मत आहे. म्हणून ही वही.

३ जानेवारी २०२५

आखणीचा दिवस. सर्व्हेअरनं टोटल स्टेशन लावून कोपरे दिले. त्यांच्यामधल्या ओळी मात्र आम्ही दोरीनंच धरल्या. गवंडीबापूंनी मोठा गुनिया काढला: तीन मीटर, चार मीटर, आणि कर्ण पाच मीटर. कर्ण दोन सुताचा फरक दाखवत होता, तेवढ्यासाठी त्यांनी खुंट्या उपटून पुन्हा ठोकल्या. पहिल्या ओळीत सुताचा फरक राहिला तर शेवटच्या ओळीत तो वितीचा होतो.

ओळी पूर्व-पश्चिम, पॅनेलचं तोंड दक्षिणेला. आमचा केज तालुका साधारण १८.७ अंश अक्षांशावर. २२ डिसेंबरला भर दुपारी सूर्य क्षितिजापासून ४८ अंशांच्या वर चढत नाही, आणि सकाळ-संध्याकाळ तर फारच खाली असतो. पुढच्या ओळीची सावली मागच्या ओळीवर पडू नये एवढी जागा त्या दिवसाच्या हिशेबानं सोडायची. गावातला एक पोरगा विचारत होता, "एवढी जागा मोकळी का सोडायलाव दादा? अजून दोन ओळी बसल्या असत्या." त्याला सावलीचं गणित जमिनीवर काठीनं काढून दाखवलं. केजला सूर्य माथ्यावर येतो तो घड्याळात साडेबाराच्या सुमारास, कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आणि आपण ७६ च्या जवळ. हे त्याला सर्वांत जास्त आवडलं. दुपारी तो स्वतः काठी रोवून बसला.

७ जानेवारी

गेटवर दोन रखवालदार हवेत असं ठेकेदाराचं म्हणणं, पण माणूस मिळत नाही. कारण सगळ्यांना ठाऊक आहे. याच तालुक्यात मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा ९ डिसेंबरला अपहरण करून खून झाला. त्याआधी पवनचक्कीच्या आवारात रखवालदाराला मारहाण झाली, तेव्हा ते मध्ये पडले होते. त्या रखवालदाराच्या जागी उद्या आपण, हे प्रत्येकाला दिसतं. महिना होत आला, तरी चहाच्या टपरीवर दुसरा विषय निघत नाही, आणि निघाला तरी आवाज खाली येतो.

मी लिहून ठेवतो की ऊर्जेची कामं आमच्या तालुक्यात शांतपणे झाली पाहिजेत. ती आम्हाला हवी आहेत. वारा आमचा आहे, ऊन आमचं आहे, गायरान आमचं आहे. काम करणाऱ्या आणि राखण करणाऱ्या माणसाच्या जिवाला धोका असेल तर या सगळ्याचा काय उपयोग? शेवटी गावातल्याच दोघा निवृत्त माणसांनी राखणीचं काम धरलं. ग्रामपंचायतीनं त्यांच्या नावांचा ठराव केला आणि त्याची प्रत पोलीस ठाण्यात दिली. हे बरं झालं.

११ जानेवारी

ड्रिलिंग सुरू. ट्रॅक्टरच्या मागं ऑगर. फूटभर व्यासाचा, पाच फूट खोल खड्डा. कागदावर सगळे खड्डे सारखे आहेत, गायरान मात्र एका जातीचं नाही. वरच्या अंगाला दोन फुटांवर मुरूम, त्याखाली काळा पाषाण. तिथं ऑगर नुसता किंचाळतो, दात झिजतात आणि कॉम्प्रेसर मागवावा लागतो. मधल्या पट्ट्यात चांगला घट्ट मुरूम, खड्डा कातल्यासारखा निघतो. खालच्या अंगाला, ओढ्याकडं, काळी माती. मला काळजी तिची.

काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. एप्रिलमध्ये तिच्या भेगांत हात कोपरापर्यंत जातो. अशा मातीत उथळ खांब दर वर्षी थोडा वर उचलला जातो आणि थोडा कलतो. घराची भिंत तडकते ती याच कारणानं, हे इथल्या प्रत्येक माणसाला माहीत आहे. त्या पट्ट्यात खड्डे खोल न्यायला हवेत, काळी माती ओलांडून मुरमात. इंजिनिअरांनी मोजमापवहीत शेरा लिहून वरिष्ठांना पाठवला. मंजुरी येईपर्यंत त्या ओळी सोडून पुढं चाललोय.

१९ जानेवारी

आज खांब उपटून पाहिले. गंमत वाटेल, पण ही चाचणी मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. आधी पुरलेल्या नमुन्याच्या खांबाला तिवईवरून चेनपुली लावायची, मध्ये वजनकाटा, बाजूला हालचाल मोजायचा डायल, आणि हळूहळू ताण वाढवत जायचं.

बघायला जमलेल्यांत एकानं विचारलं, "खांबावर वजन ठेवून बघायचं सोडून वर कशापायी ओढायलेत?" त्याला मी पॅनेलचं गणित सांगितलं. एका पॅनेलचं वजन २८ किलोच्या आसपास, म्हणजे सिमेंटच्या पोत्याच्या निम्म्याहून थोडंच जास्त. त्याचा भार मातीला काहीच नाही. पण त्याचं अंग अडीच चौरस मीटरचं. आमच्या नकाशावर वाऱ्याचा वेग सेकंदाला ३९ मीटर धरलाय, ताशी १४० किलोमीटर. त्या वेगाला चौरस मीटरमागं नव्वद किलोच्या वर जोर येतो. वारा मागून आत शिरला की एकेका पॅनेलला दोन क्विंटलच्या वर वरती लोटू शकतो. घराचा पाया घर खाली बसू नये म्हणून असतो, आमचा पाया वरचं वर जाऊ नये म्हणून. एका खड्ड्यातलं काँक्रीट अडीच क्विंटलच्या घरात भरतं. उरलेली पकड माती देते.

मुरमातला खांब हललाच नाही. काळ्या मातीतला पाच फुटी खांब ठरलेल्या ताणाच्या आधीच सरकू लागला. आता खोलीची मंजुरी कुणी अडवणार नाही.

२ फेब्रुवारी

काँक्रीट चालू आहे. एम-२०. खडी, क्रश सँड, सिमेंट, आणि पाणी मोजून. मिक्सरवरच्या माणसाला पाणी जास्त टाकायची सवय असते. माल सैल झाला की घमेल्यातून चटकन पडतो, हाताला सोपं जातं. पण त्यातच ताकद जाते. सकाळपासून मी मिक्सरजवळ उभा होतो.

खांब ओळंब्यात धरून माल ओतायचा, सळईनं ठासायचा, आणि माथा जमिनीच्या वर चार बोटं उचलून उतरता करायचा, म्हणजे पाणी खांबाच्या बुडाशी साचत नाही. गंज तिथूनच लागतो. नंतर बारदान गुंडाळून निदान सात दिवस पाणी मारायचं. हे काम दोन मावश्यांकडं आहे, आणि त्या एकही खांब चुकवत नाहीत. दोघी ऊसतोडीला जाणं सोडलेल्या. एकीचे गुडघे गेलेत, दुसरीकडं नातवंडं सांभाळायला आहेत.

टँकरचं पाणी बघून आज २०१६ आठवलं. धनेगावचं मांजरा धरण आमच्या तालुक्यात. ते कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्याच दुष्काळात परळीचं औष्णिक वीज केंद्रही पाण्यावाचून बंद होतं. कोळसा होता, यंत्रं होती, वाफेला पाणी नव्हतं. बीड जिल्ह्यात उन्हाची वीज का, याचं मला तरी हे सर्वांत मोठं कारण वाटतं. तिला पाणी लागतं ते बांधकामाला आणि नंतर काचा धुवायला. तेही कोरड्या ब्रशनं निभावता येईल अशी व्यवस्था आधीच करून ठेवली पाहिजे. इंजिनिअरांशी तसं बोललो आहे. ओळींमधली वाट ब्रश घेऊन माणूस मोकळा चालेल एवढी सपाट हवी.

९ फेब्रुवारी

ओढ्याकडच्या ओळी नवीन खोलीनं पूर्ण. बापूंची कंबर धरलीय, दोन दिवस येणार नाहीत.

२४ फेब्रुवारी

सांगाडा उभा राहतोय. खांबावर राफ्टर, राफ्टरवर पर्लिन, मध्ये तिरप्या ब्रेसिंग. सगळं लोखंड जस्तात बुडवून आलेलं. हे जस्त म्हणजे पंचवीस वर्षांचा विमा आहे. ते खरवडलं की गेलं. म्हणून साइटवर कापायचं नाही, भोक पाडायचं नाही, वेल्डिंग तर मुळीच नाही. भोकं जुळत नसतील तर त्याचा अर्थ खांब ओळीत नाही. अशा वेळी ग्राइंडर घेऊन भोक वाढवायचा मोह होतो. कुठल्यातरी साइटवर काम करून आलेल्या फिटरनं आज तेच सुरू केलं होतं. त्याला थांबवलं. राफ्टर उतरवला, लांबट भोकातून पुढं-मागं करून बसवला. वेळ लागला. जिथं खरवडलं गेलं तिथं जस्ताचा रंग दोन हात मारला आणि त्या खांबाचा नंबर वहीत घेतला.

बोल्ट, वॉशर, स्प्रिंग वॉशर, नट. क्रम चुकला की सगळं फुकट. पोती फोडून डब्यांत निवडून ठेवायचं काम दोन मुलींना दिलं.

१५ मार्च

काल धुळवड. विडा गावात रिवाजाप्रमाणे यंदाही जावयाला गाढवावर बसवलं असणार. आमचे निम्मे लोक तिकडंच होते. आज सगळे रंगलेल्या कानांनी कामावर.

खरी बातमी वेगळी. कारखान्यांवरून टोळ्या परतल्या. यंदा ऊस कमी, गाळप लवकर आटोपलं. गाड्या, बैल, भांडीकुंडी, पोरं, सगळं गावात. उचल फिटली नाही असे कितीतरी. आज सकाळी गेटवर काम मागायला एवढी माणसं उभी होती की मला नावं लिहिताना वाईट वाटत होतं. नवरा-बायको मिळून एक कोयता, अशा हिशेबानं जगलेली माणसं. "आमा दोघान्ला मिळून एक हजरी लावा, चालंल," असं एकजण म्हणाला. मी म्हणालो, इथं दोघांच्या दोन हजेऱ्या, दोघांचे दोन पगार. बाईच्या पगारावर तिची सही किंवा अंगठा. ठेकेदारानं हे मान्य केलंय, आणि तो शब्द मी मोडू देणार नाही.

२ एप्रिल

पाडव्यानंतर पॅनेलच्या ट्रक यायला लागल्या. पॅनेल बसवायला घेण्याआधी टॉर्क पाना शिकवायचा म्हणून आजचा दिवस ठेवला होता.

बोल्ट हातानं घट्ट लागला म्हणजे झालं, हा समज फार घट्ट आहे. २०१७ साली इर्मा आणि मारिया या चक्रीवादळांनी कॅरिबियन बेटांवरचे कितीतरी सौर प्रकल्प मोडले, काही शाबूत राहिले. रॉकी माउंटन इन्स्टिट्यूटनं २०१८ च्या अहवालात त्याची कारणं शोधली. क्लॅम्प निसटलेले, नट सैल झालेले, बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेले नव्हते. एक पॅनेल सुटलं की शेजारचा क्लॅम्प मोकळा होतो, मग ओळच जाते. एवढी मोठी वादळं आमच्याकडं येत नाहीत. मेमधली अवकाळी येते, आणि तीही गोठ्याचे पत्रे ओढ्यापार नेते.

टॉर्क पान्यावर आकडा लावायचा, एका लयीत ओढायचं, 'कट्' असा आवाज आला की थांबायचं. कमी आवळला तर सुटतो, जास्त आवळला तर काचेची कड फुटते. पुरुषांपैकी बऱ्याच जणांनी आवाज आल्यावरही आणखी एक हिसका दिला. ताकद दाखवायची सवय. टोळीतून परतलेल्या एका वहिनींनी पाना घेतला आणि पहिल्याच दहा बोल्टांत लय पकडली. आवाज आला की हात मागं. मग लगेच मार्करनं नट आणि पर्लिनवर मिळून एक रेघ. नट पुढं कधी फिरला तर रेघ तुटलेली दिसते. मी विचारलं, आधी कुठं पाना धरला होता का? "पाना कुटला? मोळी बांधताना वाढं किती पिळायचं त्येवढं हाताला कळतंय," त्या म्हणाल्या. उद्यापासून त्या तपासणीवर. त्यांच्या मागं पाना घेऊन फिरणारे तिघेही पुरुष, आणि कुणी काही बोललं नाही.

या कामाची रीतसर पात्रता आहे. हरित नोकऱ्यांसाठीच्या राष्ट्रीय कौशल्य परिषदेनं 'सोलर पीव्ही इन्स्टॉलर' चे वेगवेगळे वर्ग केलेत, त्यात एक सिव्हिलचा आहे: आखणी, पाया, सांगाडा, पॅनेल बसवणं. सूर्यमित्र प्रशिक्षणाला आयटीआय लागतं, तिथं या वहिनी पोहोचत नाहीत. पण जे त्या आज करत होत्या ते कुठल्याही परीक्षकानं बघावं. काम येतं याचा कागद त्यांना मिळाला तर पुढच्या तालुक्यातल्या साइटवर त्या मजूर म्हणून न जाता कारागीर म्हणून जातील. मजुरीत फरक पडेल तो तिथंच.

१२ एप्रिल

ऊन फार. काम सकाळी सहा ते अकरा, नंतर चार ते सात. मधल्या वेळी सांगाड्याला हात लावला तर चटका बसतो. ताकाचा हंडा आणि मिठाचं पाणी रोज ठेवतो.

पॅनेल दोघांनी उचलायचं, उभं धरून न्यायचं, डोक्यावर घ्यायचं नाही. डोक्यावर घेतलं की मध्ये वाकतं आणि आतल्या सेलला केसासारख्या भेगा जातात. डोळ्याला दिसत नाहीत, दोन वर्षांनी वीज कमी होते तेव्हा कळतं. मागच्या वायरीला धरून ओढायचं नाही. वर पाय देऊन चढायचं तर नाहीच. ऊसाच्या मोळ्या डोक्यावरून फळीवर चढवून ट्रक भरलेल्या माणसांना हे सांगणं सोपं नव्हतं. त्यांना वाटतं, एवढुशा वजनाला दोन माणसं कशाला. काल एक पॅनेल फोडून आतला सेल दाखवला, कागदाएवढा पातळ. मग कुणाला पुन्हा सांगावं लागलं नाही.

आणखी एक गोष्ट रोज सकाळी सांगतो. या यंत्राला बंद करायची कळ नाही. उजेड पडला की पॅनेलमध्ये वीज तयार. आम्ही वायरी जोडत नाही, पण जवळच काम करतो. म्हणून प्लगमध्ये बोट, तार, खिळा काहीही घालायचं नाही, आणि पोरांना साइटवर आणायचं नाही. दोघीजणींच्या तान्ह्या लेकरांसाठी कंटेनरच्या मागं सावलीत पाळणे बांधले आहेत. एक मावशी तिथंच बसते, तिची हजेरी लागते.

१४ मे

सकाळी ढग, बाराच्या सुमारास निवळलं. मेच्या मध्याला आमच्या अक्षांशावर सूर्य बरोबर माथ्यावर येतो. बारा वाजून वीस-बावीस मिनिटांनी कुंपणाचे नुसते उभे केलेले खांब बघत फिरलो. ओळंब्यातल्या खांबाची सावली त्याच्या बुडात गेलेली. ज्यांची बाहेर पडली होती ते कललेले. चार सापडले, खुणा केल्या. जानेवारीत काठी रोवून बसलेला पोरगा आज माझ्या आधी हजर होता.

कुंपणाबद्दल मात्र मन शांत नाही. हे गायरान आहे. मेंढरं इथं फिरायची, गुरांची वाट इथून जायची. एका कोपऱ्यात तीन कुटुंबांचे पिढीजात तुकडे आहेत. याच जिल्ह्यातून एकनाथ आवाड आणि त्यांच्या मानवी हक्क अभियानानं भूमिहीनांच्या गायरानहक्काची लढाई लढली. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करण्याचा शासन निर्णय १९९१ मध्ये निघाला, पण कागद हातात नसलेले लोक आजही आहेत. सौर प्रकल्पाला सरकारी जमीन हवी आणि ती बहुधा गायरानच असते. त्यामुळं जाळी ओढण्याआधी कोण कसतंय, कोण चारतंय हे बघितलंच पाहिजे. इथं ग्रामसभेनं आधी पाहणी केली, तो कोपरा सोडायला लावला, गुरांची वाट आणि ओढ्याकाठची पट्टी कुंपणाबाहेर ठेवली. नकाशा बदलावा लागला आणि ठेकेदार कुरकुरला. तरी बदलला.

गावाला काय मिळतं तेही लिहून ठेवतो. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ग्रामपंचायतीला वर्षाला पाच लाख, अशी तीन वर्षं. खासगी जमीन भाड्यानं दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख, त्यावर दर वर्षी तीन टक्के वाढ. आणि उपकेंद्रावरच्या शेतीवाहिनीला दिवसा वीज. शेतीला आठ तास वीज मिळते, तीही एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीच्या पाळीला दारं धरायला जाणाऱ्या माणसाला साप चावल्याची बातमी दर वर्षी कुठल्यातरी गावातून येते. वैजापूर तालुक्यात धोंदलगावला या टप्प्यातला ३ मेगावॅटचा प्रकल्प गेल्या वर्षीच सुरू झाला. तिथल्यासारखं आमच्याकडंही दिवसा पाणी देता आलं, तर मी हे काम सार्थकी लागलं म्हणेन.

२७ मे

पाऊस. मेमध्ये एवढा पाऊस आणि एवढा वारा मी पाहिला नाही. मान्सूनही राज्यात लवकर शिरला. परवा रात्री वारा सुटला तेव्हा झोप लागली नाही. पहाटे गेलो. एकही पॅनेल हललं नव्हतं. वहिनी आमच्या आधी पोचून ओळीनं रेघा तपासत होत्या. ओढ्याकडच्या तीन बोल्टांच्या रेघा तुटलेल्या, बाकी साऱ्या अखंड. ते तीन लगेच आवळले.

आबा बांधावर येऊन उभे होते. त्यांच्या गोठ्याचे दोन पत्रे पुन्हा गेलेत.

२५ सप्टेंबर

चार महिन्यांनी वही उघडतोय. वायरमन येऊन गेले, प्रकल्प सुरू झाला. मी दुसऱ्या साइटवर होतो, निरोप आला म्हणून धावत आलो. मराठवाड्यात न पाहिलेला पूर. मांजरा धरणाचे दरवाजे उघडलेले, काठची शेतं पाण्याखाली, सोयाबीन गेलं, कितीतरी ठिकाणी वरची मातीच खरवडून गेली. आबांच्या रानाचा ओढ्याकडचा पट्टा दगडगोट्यांचा झालाय. त्यांच्याशी बोलताना प्रकल्पाचं काही विचारायला जीभ रेटेना.

गायरानावर चर काढले होते त्यांनी बरंच काम केलं. खालच्या तीन ओळींच्या बुडाची माती मात्र गेली आहे, काँक्रीट हातभर उघडं पडलंय. खांब सरळ आहेत, कारण त्यांची मुळं मुरमात आहेत. पाच फुटांवर थांबलो असतो तर आज त्या ओळी आडव्या असत्या. दगडी पिचिंग करून मुरूम ठासून भरायला हवा, आणि तो ऑक्टोबरातच, काळी माती आकसायच्या आत. देखभालीच्या करारात गवत काढणं आणि काचा धुणं आहे, मातीचं काम नाही. चालवणाऱ्यांना तसं लेखी कळवलं. पंचवीस वर्षांच्या करारात जमीन जागेवर राहील असं गृहीत धरून चालत नाही.

२ ऑक्टोबर, दसरा

सकाळी सोनं वाटून झालं आणि अकराला ग्रामसभा. पुराच्या पंचनाम्यांवरच दोन तास गेले, तसं व्हायलाच हवं होतं. शेवटी प्रकल्पापोटी ग्रामपंचायतीला मिळणाऱ्या पाच लाखांचा विषय निघाला. कुणी म्हणालं कमान बांधू. मावश्यांपैकी एकीनं उठून ओढ्याकडच्या बांधाचं नाव काढलं आणि ठराव बांधाचा झाला.

माझं काम नंतर सुरू झालं. ऊसतोडीच्या मुकादमांच्या गाड्या दिवाळीच्या आगेमागे लागतील, त्याआधी कागद व्हायला हवेत. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाच्या नोंदणीला वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र लागतं. नोंदणी झाली की मुलांना शिष्यवृत्ती, बाळंतपणाला मदत, सुरक्षा साहित्य. मध्यंतरी एका कार्यालयात आमच्या लोकांना सांगितलं गेलं की सोलरचं काम बांधकामात बसत नाही. बसतं. १९९६ च्या कायद्यातल्या व्याख्येतच वीजनिर्मिती आणि पारेषणाची कामं लिहिलेली आहेत. त्या पानाची झेरॉक्स प्रत्येक अर्जाला लावली आहे. ठेकेदाराकडून हजेरीपत्रकावर सही-शिक्के घेतले, स्त्री-पुरुषांचे वेगवेगळे. वहिनींच्या प्रमाणपत्रावर कामाच्या रकान्यात 'बिगारी' लिहून आलं होतं. ते परत पाठवलं, 'सांगाडा जोडणी व टॉर्क तपासणी' असं करून आणलं.

सोमवारी अर्ज घेऊन केजला जायचं आहे. तिघींच्या आधारवरचं नाव आणि बँकेतलं नाव जुळत नाही, ते उद्या आधी करून घ्यायचं.